अमेरिकन साहित्यातील संज्ञा: नाव कळल्यानंतर काय लिहावे?

इंग्रजी विषय घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत, अमेरिकन साहित्याच्या पेपरासाठी, संज्ञांची एक लांबलचक यादी हमखास सापडते. ॲलेगरी, ॲलिटरेशन, ॲनाफोरा अशी ती वर्णानुक्रमे सुरू होते आणि प्रत्येक संज्ञेपुढे एका ओळीची व्याख्या व एक उदाहरण असते. यादी पाठ होते, परंतु प्रत्यक्ष कविता समोर आली की विद्यार्थी ‘येथे ॲनाफोरा वापरला आहे’ एवढे लिहून थांबतो आणि त्या वाक्यातून कवितेविषयी काहीच कळत नाही. संज्ञा हे लेखकाने एखाद्या जागी केलेल्या निवडीचे नाव असते. ती निवड कोणती, तिच्याऐवजी दुसरे काय करता आले असते आणि तिच्यामुळे वाचणाऱ्यावर कोणता परिणाम झाला, हे सांगता आले तरच त्या नावाचा उपयोग होतो. अमेरिकन साहित्यात हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण इंग्लंडकडून वारशाने आलेली वृत्ते, काव्यप्रकार आणि शिष्ट भाषा यांचे काय करायचे, हा प्रश्न तिथल्या लेखकांपुढे दीडदोनशे वर्षे उभा होता आणि पुष्कळशा संज्ञांना त्या झगड्याच्या संदर्भातच खरा अर्थ येतो. प्रस्तुत लेखात सर्व संज्ञा घेतलेल्या नाहीत. ज्यांच्यापाशी विद्यार्थी अडखळतात आणि ज्यांच्यामुळे कलाकृती खरोखर उलगडते, त्याच घेतल्या आहेत.

प्रथम वृत्ताचा विचार करू, कारण मराठी वाचकाची पहिली अडचण तेथेच होते. आपली अक्षरगणवृत्ते लघु-गुरूवर चालतात, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या काळावर. इंग्रजी वृत्त मात्र आघातावर चालते, म्हणजे शब्दातल्या कोणत्या भागावर जोर पडतो यावर. ‘बिकॉज’ म्हणताना जोर दुसऱ्या भागावर पडतो. हलका आणि मग जोरकस अशा या जोडीला आयम्ब म्हणतात. ‘नेव्हर’ म्हणताना जोर आधी येतो. ती जोडी ट्रोकी. आयम्बच्या पाच जोड्या एका ओळीत आल्या की आयम्बिक पेंटामीटर होतो आणि इंग्रजी काव्यातले सर्वांत प्रतिष्ठित वृत्त हेच आहे. या पेंटामीटरमध्ये यमक न साधता लिहिले तर तो ब्लँक व्हर्स, आणि ठरावीक वृत्ताचे बंधनच सोडून दिले तर तो फ्री व्हर्स. दोन्हींना सरसकट मुक्तछंद म्हणण्याची सवय आपल्याकडे आहे; उत्तरपत्रिकेतली ही अगदी नेहमीची चूक आहे. ब्लँक व्हर्समध्ये यमक नसले तरी वृत्त पक्के असते.

अमेरिकेत फ्री व्हर्सचे नाव निघाले की वॉल्ट व्हिटमनपासून सुरुवात करावी लागते. १८५५ मध्ये ब्रुकलिनमध्ये त्याने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ स्वतःच छापून घेतले. त्यात बारा कविता होत्या आणि मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर कवीचे नावसुद्धा नव्हते, केवळ समोर त्याचे चित्र होते. त्याच्या अकरा वर्षे आधी राल्फ वाल्डो इमर्सन याने कवीविषयीच्या आपल्या निबंधात म्हटले होते की कविता वृत्तांमुळे घडत नाही, वृत्ताला जन्म देणाऱ्या आशयामुळे घडते. व्हिटमनने जणू हे म्हणणे अक्षरशः अंगावर घेतले. मात्र त्याचा फ्री व्हर्स म्हणजे बेबंद लिखाण नव्हे, आणि हे दाखवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञाच्या व्याख्यानावरची त्याची १८६५ मधील आठ ओळींची कविता पुरेशी आहे.

ती संपूर्ण कविता एकच वाक्य आहे. पहिल्या चारही ओळी ‘व्हेन’ या शब्दाने सुरू होतात: जेव्हा मी त्या विद्वान खगोलशास्त्रज्ञाला ऐकले, जेव्हा आकडे रकान्यांमध्ये मांडले गेले, जेव्हा तक्ते व आकृत्या दाखवल्या गेल्या, जेव्हा सभागृहात टाळ्यांच्या गजरात त्याचे व्याख्यान चालू होते. ओळीच्या आरंभी तोच शब्द पुन्हा पुन्हा आणण्याच्या या रीतीला ॲनाफोरा म्हणतात. परंतु येथे खरी गंमत अशी की पहिली ओळ आखूड आहे आणि चौथी ओळ इतकी लांबलेली आहे की ती वाचता वाचता दम लागतो. व्याख्यान कंटाळवाणे होते असे कवी म्हणत नाही. ते तो वाचकाला ओळीच्या लांबीतून सोसायला लावतो. मग श्रोता उठून बाहेर पडतो, रात्रीच्या दमट हवेत एकटा भटकतो आणि शेवटच्या ओळीत नि:शब्दपणे ताऱ्यांकडे पाहतो. ही शेवटची ओळ मोजून पाहावी: लुक्ड अप इन परफेक्ट सायलेन्स ॲट द स्टार्स. दहा उच्चारखंड, हलका-जोरकस अशा पाच जोड्या, म्हणजे निर्दोष आयम्बिक पेंटामीटर. वृत्ताविना चाललेली कविता तारे दिसताक्षणी वृत्तात येते. ‘या कवितेत ॲनाफोरा आणि फ्री व्हर्स आहे’ या वाक्यापेक्षा एवढे निरीक्षण कितीतरी अधिक मोलाचे आहे, आणि ते करण्यासाठी दोन्ही संज्ञा ठाऊक असाव्याच लागतात.

व्हिटमनच्या दीर्घ कवितांमध्ये याच रीतीला कॅटलॉगची, म्हणजे यादीची, जोड मिळते. सुतार, नावाडी, सूत कातणारी मुलगी, शेतकरी, वेडा, छपाईवाला अशी माणसे एकामागून एक येतात. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही, प्रत्येकाला साधारण एक ओळ. बायबलच्या इंग्रजी भाषांतरातील समांतर वाक्यरचनेचा या शैलीवर प्रभाव आहे हे खरे, पण आशयाच्या दृष्टीने पाहिले तर ही यादी म्हणजे लोकशाहीचे व्याकरण आहे. समांतर रचनेचीच एक उलटी जात म्हणजे कायॅझमस, ज्यात दुसऱ्या भागात शब्दांचा क्रम फिरतो. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस याने १८४५ च्या आत्मकथनात लिहिले आहे की, माणसाचा गुलाम कसा झाला हे तुम्ही पाहिले. आता गुलामाचा माणूस कसा झाला ते पाहाल. वाक्य उलटते आणि त्याच्याबरोबर आयुष्यही उलटते.

ब्लँक व्हर्ससाठी रॉबर्ट फ्रॉस्टची १९१४ मधील ‘मेंडिंग वॉल’ ही कविता घ्यावी. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या भागातले दोन शेजारी वसंत ऋतूत आपापल्या हद्दीच्या दगडी कुंपणाची डागडुजी करतात, एवढाच प्रसंग. बोलण्याच्या लयीत लिहिल्यासारखी वाटणारी ही कविता वस्तुतः पेंटामीटरवर उभी आहे. या कवितेच्या निमित्ताने आणखी एक संज्ञा शिकून घ्यावी, ती म्हणजे स्पीकर, कवितेतला बोलणारा. ‘चांगली कुंपणे चांगले शेजारी घडवतात’ हे वाक्य फ्रॉस्टचे सुभाषित म्हणून सर्रास वापरले जाते. कवितेत ते फ्रॉस्टचे नाही, आणि बोलणाऱ्याचेही नाही. ते शेजाऱ्याचे आहे, तेही बापाकडून ऐकलेले, आणि बोलणाऱ्याला त्याविषयी शंका आहे. इतकेच समजून थांबले तर कविता कुंपणाविरुद्ध आहे असे वाटेल. पण दुरुस्तीची वेळ झाली हे दरवर्षी शेजाऱ्याला कळवतो कोण? कुंपणाला हसणारा हा बोलणाराच. कवी, बोलणारा आणि शेजारी हे तीन आवाज वेगळे ठेवले की कवितेतला उपरोध आपोआप दिसू लागतो.

आता एमिली डिकिन्सन. येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण यमक, वृत्त, चेतनगुणोक्ती, सूर अशा बऱ्याच संज्ञांची परीक्षा तिच्या एकाच कवितेत होते. मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट या गावी १८३० मध्ये जन्मलेल्या आणि १८८६ मध्ये तेथेच निधन पावलेल्या या कवयित्रीने सुमारे अठराशे कविता लिहिल्या. त्यांपैकी जेमतेम दहाएक तिच्या हयातीत छापल्या गेल्या. तिचे आवडते वृत्त चर्चमधील सामूहिक स्तोत्रगायनाचे आहे: पहिल्या ओळीत आठ उच्चारखंड, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. अभंगाची चाल जशी न शिकवता मराठी कानात बसलेली असते, तशी ही चाल तिच्या काळातल्या न्यू इंग्लंडच्या कानात बसलेली होती. श्रद्धेच्या या परिचित चालीत डिकिन्सन संशय, मृत्यू आणि अपुरेपणा भरते. तिच्या कवितेतला ताण प्रथम तेथेच निर्माण होतो.

मृत्यूसाठी मला थांबता आले नाही म्हणून तोच माझ्यासाठी थांबला, अशा अर्थाने सुरू होणारी तिची कविता सर्वांच्या अभ्यासक्रमात असते. मृत्यू घोडागाडी घेऊन दाराशी येतो आणि बोलणारीला फिरायला नेतो. गाडीत तिसरे कोणी असेल तर अमरत्व. शाळेतल्या अलंकारांच्या भाषेत ही चेतनगुणोक्ती झाली, परंतु एवढे म्हणून भागत नाही. मृत्यूला केवळ मानवी रूप दिलेले नाही. त्याला एका विशिष्ट वर्गाच्या सभ्य, सावकाश, अदबशीर पुरुषाचे रूप दिले आहे. तो ‘कृपाळूपणे’ थांबतो, आणि त्याच्या सौजन्याला मान देऊन ती आपले काम आणि आपली फुरसत दोन्ही बाजूला ठेवते. विषय भीतीचा आणि सूर एखाद्या औपचारिक भेटीच्या वर्णनाचा, अशी ही फारकत आहे. सूर म्हणजे टोन, बोलणाऱ्याची विषयाकडे पाहण्याची वृत्ती. वाचणाऱ्याच्या मनात उमटणारी भावावस्था म्हणजे मूड. येथे टोन शांत आहे आणि मूड अस्वस्थ करणारा आहे. या दोन संज्ञा समानार्थी का मानू नयेत, ते या एका कवितेवरून स्पष्ट होते.

यमकाचे पाहू. गाडी शाळेवरून जाते, जेथे मुले मधल्या सुटीत रिंगण करून झुंजतात. मग धान्याची शेते येतात, मग मावळता सूर्य. ‘आम्ही ओलांडले’ हे शब्द येथे तीनदा येतात आणि बालपण, प्रौढपण व अखेर असे आयुष्याचे टप्पे गाडीच्या खिडकीतून मागे पडतात. या कडव्यात यमकाच्या जागी शब्द आहेत ‘रिंग’ आणि ‘सन’. शेवटी अनुनासिकाची पुसट जुळणी आहे, पण आपल्या अर्थाने हे यमक नव्हे. अशा अपुऱ्या जुळणीला स्लँट राइम म्हणतात. आशेला पंख असलेली वस्तू म्हणणाऱ्या तिच्या दुसऱ्या कवितेत ‘सोल’ आणि ‘ऑल’ अशीच जोडी आहे. डिकिन्सनच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये तिच्या कवितांचे पहिले पुस्तक निघाले तेव्हा संपादकांना हे यमक चुकल्यासारखे वाटले असावे, कारण त्यांनी ओळच बदलली. मुले सुटीत रिंगण करून झुंजतात, याऐवजी मुले खेळतात आणि त्यांचे धडे नुकतेच संपले आहेत, असे छापले गेले; त्यामुळे ‘डन’ आणि ‘सन’ असे गोंडस यमक साधले. त्यांनी कवितेला ‘द चॅरियट’ असे तिने न दिलेले शीर्षक दिले आणि चौथे कडवे पूर्णपणे गाळले.

ते गाळलेले कडवेच कवितेचा कणा आहे, असे माझे मत आहे. त्यात बोलणारी स्वतःचे वाक्य दुरुस्त करते: आम्ही सूर्याला ओलांडले, किंवा असे म्हणावे की त्यानेच आम्हाला ओलांडले. दव थरथरत व गारठा घेऊन उतरते आणि तिच्या अंगावर केवळ तलम झगा व जाळीदार उपरणे आहे. येथे वृत्तसुद्धा डगमगते. आठ-सहाचा क्रम पहिल्या दोन ओळींत उलटा होऊन सहा-आठ होतो. यमकाच्या जागी ‘चिल’ आणि ‘ट्यूल’ येतात, म्हणजे पुन्हा अपुरी जुळणी. आतापर्यंत सहल वाटणारा प्रवास याच ठिकाणी थंड पडतो. पुढे गाडी एका घरापाशी थांबते. त्याचे छप्पर जमिनीपासून जेमतेम दिसते आणि कंगोरा जमिनीत आहे. थडगे हा शब्द कुठेही नाही. घर या रूपकाने ते काम केले आहे. हस्तलिखिताच्या जवळ जाणारी संहिता थॉमस जॉन्सन यांच्या १९५५ च्या आवृत्तीमुळे वाचकांना मिळाली. तोपर्यंत साठ-पासष्ट वर्षे लोक गुळगुळीत केलेली डिकिन्सन वाचत होते. स्लँट राइम ही संज्ञा ज्याला कळते त्याला या संपादनात नेमके काय हरवले होते, तेही सांगता येते.

नादाच्या बाबतीत दुसरे टोक म्हणजे एडगर ॲलन पो. १८४५ मधील ‘द रेव्हन’ आठ ट्रोकींच्या लांब ओळींवर चालते. ओळीच्या मध्ये आणि शेवटी जुळणारे अंतर्गत यमक, अनुप्रास आणि ‘नेव्हरमोर’ हे पालुपद यांनी ती कान भरून टाकते. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात पो सांगतो की आधी त्याने पालुपदाचा घुमणारा स्वर निश्चित केला, मग शब्द आणि मग तो शब्द उच्चारू शकेल असा पक्षी. आणि सर्वप्रथम त्याला सुचला होता पोपट. हे सर्व मागाहून रचलेले स्पष्टीकरण असण्याचा दाट संभव आहे, परंतु परिणामाची एकात्मता, म्हणजे सगळ्या रचनेने मिळून वाचकावर एकच परिणाम साधणे, ही संज्ञा त्याच्याकडूनच आली असल्याने तो निबंध वाचणे भाग आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नादावरचा भर प्रतिमेकडे वळला. विल्यम कार्लोस विल्यम्स हा न्यू जर्सीमधील रुदरफर्ड गावचा डॉक्टर होता. १९२३ मधील त्याची लाल ढकलगाडीवरची कविता सोळा शब्दांची आहे, चार कडवी, प्रत्येकी तीन शब्दांची एक ओळ आणि एका शब्दाची दुसरी. लाल ढकलगाडी, तिच्यावर चकाकणारे पावसाचे पाणी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या. ‘व्हील’ आणि ‘बॅरो’ हा एकच शब्द तो दोन ओळींमध्ये तोडतो. ‘रेन’ आणि ‘वॉटर’ यांचेही तेच करतो. वाक्य ओळीपाशी न थांबता पुढच्या ओळीत वाहते, त्याला एन्जॅम्बमेंट म्हणतात. बहुतेक कवींच्या हाती ती गती वाढवण्याची युक्ती असते. विल्यम्सच्या हाती ती उलट वापरली गेली आहे: डोळ्याला आधी चाक दिसते, मग गाडी, आधी पाऊस, मग पाणी. पाहण्याचा वेग कमी करणे हाच या कवितेचा सगळा उद्योग आहे, आणि म्हणून ढकलगाडी कशाचे प्रतीक आहे हा प्रश्न येथे चुकीचा ठरतो. प्रत्येक प्रतिमा प्रतीक नसते.

मग प्रतीक कधी म्हणावे? याचे उत्तर हर्मन मेलव्हिलने १८५१ मधील ‘मोबी-डिक’ मध्ये एक पूर्ण प्रकरण खर्चून दिले आहे. कप्तान एहॅब पांढरा देवमासा प्रथम पाहणाऱ्याला बक्षीस म्हणून सोन्याचे नाणे डोलकाठीला ठोकतो. नाणे इक्वादोरचे आहे; त्यावर तीन शिखरे, एकावर ज्वाळा, एकावर मनोरा, एकावर आरवणारा कोंबडा, आणि वर राशींची कमान. नव्याण्णवाव्या प्रकरणात जहाजावरचा एकेक माणूस त्या नाण्यासमोर येऊन उभा राहतो. एहॅब म्हणतो, मनोरा म्हणजे एहॅब, ज्वालामुखी म्हणजे एहॅब, कोंबडाही एहॅबच. धार्मिक वृत्तीच्या स्टारबकला तीन शिखरांमध्ये ख्रिस्ती धर्मातला त्रयरूप ईश्वर दिसतो. स्टब राशींवरून जन्म ते मरण असा आयुष्याचा फेरा वाचतो. फ्लास्कला ते सोळा डॉलरांचे नाणे दिसते, ज्यात दोन सेंटच्या ९६० सिगार येतील; हिशेब खरे म्हणजे ८०० होतो, आणि चूक फ्लास्कची की मेलव्हिलची हे सांगणे कठीण आहे. शेवटी पिप नावाचा वेडसर झालेला पोरगा येतो आणि ‘मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो’ अशी क्रियापदे चालवतो. नाणे एकच राहते आणि पाहणारा उघडा पडतो. प्रतीक हे असे असते: कथेत ती खरीखुरी वस्तू असते आणि तिच्या अर्थाचा तळ लागत नाही.

याउलट ॲलेगरीत, म्हणजे रूपककथेत, प्रत्येक पात्राला व वस्तूला बाहेरचा एक ठरलेला अर्थ चिकटवलेला असतो. नॅथॅनियल हॉथॉर्नच्या १८३५ मधील ‘यंग गुडमन ब्राउन’ या कथेत नायकाच्या बायकोचे नावच ‘फेथ’ आहे. रात्रीच्या जंगलात ‘माझी फेथ गेली’ असे तो ओरडतो तेव्हा बायको आणि श्रद्धा दोन्ही गेलेल्या असतात. हॉथॉर्न मात्र तेथेच थांबला नाही. ‘द स्कार्लेट लेटर’ मध्ये व्यभिचाराबद्दल दोषी ठरलेल्या हेस्टरच्या छातीवरचे लाल अक्षर ‘ए’ शिक्षेची ठरलेली खूण म्हणून सुरू होते, म्हणजे जवळपास ॲलेगरी. पण वर्षे जातात, ती आजाऱ्यांची सेवा करते आणि गावकरी त्याच अक्षराचा अर्थ ‘एबल’, समर्थ, असा लावू लागतात. गव्हर्नरच्या मृत्यूच्या रात्री आकाशात तेच अक्षर दिसले तेव्हा काहींनी ‘एंजल’ असे वाचले. गावाने लादलेला अर्थ गावाच्याच हातून निसटतो. प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंट, मंडळींना जगातली प्रत्येक घटना ईश्वरी संकेत म्हणून वाचण्याची सवय होती, आणि या कादंबरीचा आघात त्या सवयीवरच आहे.

आयरनीचे, म्हणजे उपरोधाचे, शाब्दिक, प्रसंगनिष्ठ आणि नाट्यगत असे तीन प्रकार सगळे पाठ करतात. नाट्यगत आयरनी म्हणजे पात्राला जे कळत नाही ते वाचकाला कळणे. तिचे सर्वांत धारदार अमेरिकन उदाहरण मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ मध्ये आहे, जी १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १८८५ मध्ये अमेरिकेत निघाली. गुलामगिरीच्या प्रदेशात वाढलेल्या हकला मनापासून वाटते की पळून आलेल्या जिम या गुलामाला मदत करणे ही त्याची मालकीण मिस वॉटसन हिच्या मालमत्तेची चोरी आहे आणि चोरीची शिक्षा नरक. एकतिसाव्या प्रकरणात तो तिला जिमचा ठावठिकाणा कळवणारी चिठ्ठी लिहितो आणि आपण पापातून धुऊन निघालो असे त्याला वाटते. मग तराफ्यावरचे दिवस आठवतात, जिमने त्याच्या वाट्याची राखण स्वतः केलेली आठवते. तो चिठ्ठी हातात घेतो, क्षणभर थांबतो, ‘ठीक आहे, मग जाईन नरकात’ असे म्हणून ती फाडून टाकतो. आपण चांगले केले असे त्याला कधीच वाटत नाही. आपण वाया गेलो अशीच त्याची समजूत राहते. शिष्ट समाजाने शिकवलेली सदसद्विवेकबुद्धी चुकीची आणि अशिक्षित पोराचे काळीज बरोबर, हा निवाडा ट्वेन एकाही वाक्यात देत नाही. तो वाचकाला द्यावा लागतो. हे साधण्यासाठी निवेदन हकच्याच बोलीत असणे अपरिहार्य होते. बोलीच्या वापराला डायलेक्ट किंवा व्हर्नॅक्युलर म्हणतात, आणि ट्वेनने पुस्तकाच्या आरंभी टीप देऊन आपण मिसुरी परिसरातल्या कोणकोणत्या बोली जाणीवपूर्वक वापरल्या हे सांगितले आहे. इंग्रजी शिष्ट गद्यापासून अमेरिकन कादंबरी वेगळी झाली ती याच वाटेने.

निवेदकावर किती विश्वास ठेवावा, हा पुढचा प्रश्न. पोच्या ‘द टेल-टेल हार्ट’ मधला खुनी आपण वेडे नाही हे पटवण्याचा जेवढा आटापिटा करतो तेवढे त्याचे वेड उघड होते. अशा निवेदकाला अविश्वसनीय निवेदक हे नाव वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये दिले. हक मात्र वेगळा आहे. तो खोटे सांगत नाही, फक्त त्याला स्वतःचे मोठेपण कळत नाही. या दोघांना एकाच खणात टाकू नये.

संज्ञाप्रवाह, म्हणजे स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेस, हा शब्दप्रयोग विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताच्या १८९० मधील मानसशास्त्रावरच्या ग्रंथामुळे रूढ झाला. विल्यम फॉकनरच्या १९२९ मधील ‘द साउंड अँड द फ्युरी’ या कादंबरीचा पहिला भाग बेंजी या तेहतीस वर्षांच्या, बोलू न शकणाऱ्या मतिमंद माणसाच्या मनातून येतो. कुंपणापलीकडे लोक गोल्फ खेळत आहेत आणि सामान वाहणाऱ्या पोराला ‘कॅडी’ अशी हाक मारतात. बेंजी हंबरडा फोडतो. त्याच्या हरवलेल्या बहिणीचे नाव कॅडी आहे हे तेथे कोणी समजावून सांगत नाही, आणि ते मैदान पूर्वी त्यांच्याच घराण्याचे कुरण होते हेही नंतर कळते. बेंजीच्या मनात काळाचे रकाने नाहीत. एक आवाज आला की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा दिवस आजच्या इतकाच खरा होतो. त्यामुळे ‘विचारांचा अखंड प्रवाह’ ही पुस्तकी व्याख्या येथे अपुरी पडते, कारण हा प्रवाह विचारांचा नाहीच, तो वासांचा, आवाजांचा आणि स्पर्शांचा आहे.

वाङ्मयीन चळवळींच्या नावांवर फार वेळ घालवू नये. वास्तववाद आणि निसर्गवाद यांतला फरक मात्र ध्यानात ठेवावा: वास्तववादी लेखकाची माणसे चुकतमाकत का होईना निवड करतात, तर निसर्गवादी लेखकाची माणसे परिस्थिती, आनुवंशिकता आणि निसर्ग यांच्या रेट्याखाली असतात. १८९७ च्या आरंभी बुडालेल्या जहाजातून वाचलेल्या स्टीफन क्रेनने त्याच वर्षी होडीतल्या चार माणसांची कथा लिहिली. तिच्यातला समुद्र क्रूर नाही आणि दयाळूही नाही, त्याला या माणसांची दखलच नाही. हा निसर्गवाद.

स्पीकर, टोन, पॅराडॉक्स (विरोधाभास), टेन्शन (ताण) या संज्ञा वर्गात इतक्या रुळल्या त्याला कारण अमेरिकेतली न्यू क्रिटिसिझम ही समीक्षापद्धती. क्लिन्थ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांच्या १९३८ मधील पाठ्यपुस्तकाने संहितेचे बारकाईने वाचन तिथल्या महाविद्यालयांत नेले. या पद्धतीचे ऋण मोठे आहे, पण तिची मर्यादाही आहे. लँगस्टन ह्यूजने १९२६ च्या आपल्या पहिल्या संग्रहात ब्लूज गाण्यांचा घाट कवितेत आणला: एक ओळ, तीच ओळ किंचित बदलून पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. याला केवळ पुनरुक्ती म्हटले तर काहीच हाती लागत नाही. गाणारा दुसरी ओळ म्हणता म्हणता तिसरी शोधत असतो आणि ऐकणारा तिची वाट पाहत असतो. हे कळण्यासाठी छापील पानाबाहेर, कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या परंपरेकडे, जावे लागते.

शेवटची संज्ञा अल्यूजन, म्हणजे दुसऱ्या ग्रंथाचा किंवा घटनेचा सूचक उल्लेख. हिच्या बाबतीत भारतीय वाचकाची स्थिती थोडी निराळी आहे. सेंट लुइस येथे जन्मलेल्या आणि पुढे ब्रिटिश नागरिक झालेल्या टी. एस. एलियटने हार्वर्डमध्ये संस्कृतचा अभ्यास केला होता. १९२२ मधील त्याची ‘द वेस्ट लँड’ ही कविता ‘शांतिः’ या शब्दाच्या त्रिवार उच्चाराने संपते आणि त्याआधी बृहदारण्यक उपनिषदातले ‘दत्त, दयध्वम्, दम्यत’ हे शब्द येतात. इंग्रजी वाचकासाठी एलियटला टीप द्यावी लागली. आपल्याला शेवटचा शब्द तरी टिपेशिवाय कळतो. पण ओळखीचा शब्द दिसला म्हणून पुढे सरकणे, हीच येथे चूक होते. उपनिषदात प्रजापती ‘द’ हे एकच अक्षर तीनदा उच्चारतो आणि देव त्यातून दम्यत, म्हणजे संयम राखा, मनुष्य दत्त, म्हणजे द्या, आणि असुर दयध्वम्, म्हणजे दया करा, असा अर्थ घेतात. क्रम देव, मनुष्य, असुर असा आहे. एलियटने तो बदलला. त्याच्या कवितेत मनुष्यांसाठीचा ‘दत्त’ पहिला येतो, असुरांसाठीचा ‘दयध्वम्’ त्याच्यामागून येतो आणि देवांसाठीचा संयम शेवटी जातो. महायुद्धानंतरच्या शहराची कविता लिहिणाऱ्याने हा क्रम का निवडला असेल, यावर अल्यूजनच्या प्रश्नाचे उत्तर लिहावे. ‘एलियटवर भारतीय तत्त्वज्ञानाचा प्रभाव होता’ हे वाक्य परीक्षकाने आधीच पुष्कळ वेळा वाचलेले असते.